माटुंग्याची मैलाटांकी : एका सनाची चिकित्सा

१

इतिहाससंशोधनांत सनाचें महत्त्व काय, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. एखाद्या पत्रावरील मितीचा एक आंकडा चुकीचा वाचला गेला म्हणजे लढाई आधीं व तिची तयारी मागाहून असा उलटा प्रकार होतो, आणि मग त्या चुकीच्या मितीस धरून पुढील दहा लेखक दहा प्रकारच्या उपपत्ति लावीत बसतात. प्रस्तुत लेखांत अशाच एका सनाची छाननी करण्याचें योजिलें आहे. विषय राजकारणाचा नाहीं, मोहिमेचा नाहीं, देवस्थानाच्या सनदेचाहि नाहीं. विषय मैल्याच्या टांकीचा आहे.

कित्येकांस हा विषय या पानांवर येण्यास अपात्र वाटेल. त्यांस आमची विनंति इतकीच कीं, पाणी आणण्याचा इतिहास जर आपण आदरानें लिहितों, तर पाणी गेलें कोठें हेंहि विचारलें पाहिजे. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी नळानें पुण्यांत आणिलें, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. तें पाणी वापरून झाल्यावर वाड्यांतून कोणत्या वाटेनें बाहेर पडलें, याची पृच्छा फारशी कोणी करीत नाहीं. पाणी आणणाऱ्याचें नांव राहतें. घाण नेणाऱ्याचें राहत नाहीं. या अनास्थेमुळेंच या विषयांत चुकीचे सन खपून जातात.

आतां मुद्याकडे वळूं. मैल्यापासून निघणाऱ्या जळाऊ वायूचा इतिहास सांगणारे जे ग्रंथ व लेख १९७० नंतर पाश्चात्य देशांत झाले, त्यांतील कित्येकांत एक विधान ठरल्यासारखें येतें. तें असें कीं, अशा प्रकारची जगांतील पहिली टांकी इ. स. १८५९ सालीं मुंबईंतील कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत बांधली गेली. आपल्याकडील लेखकहि तें विधान अभिमानानें उतरून घेतात. जगांतील पहिला मान मुंबईस मिळत असल्यावर तो कोण नाकारील? परंतु मान गोड लागतो म्हणून प्रमाणाची गरज संपत नाहीं. आमच्या मतें हा सन खरा नाहीं. कां नाहीं, हें समजण्यास ही टांकी म्हणजे काय, ती केव्हां निर्माण झाली व ती चालते कशी, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

२

प्रथम शब्दांचा विचार. संस्कृतांत मैल्यास व तो टाकण्याच्या जागेस अवस्कर असा शब्द आहे. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत या शब्दांतील सकाराच्या आगमासाठीं स्वतंत्र सूत्र घातलें आहे. म्हणजे हा शब्द त्याच्या काळीं रूढ होता, आणि व्याकरणकारास तो उच्चारण्याचा संकोच वाटला नाहीं. आपला शेतखाना हा शब्द ऐकून पुष्कळांस शेताची आठवण होते. परंतु त्याचा शेताशीं संबंध नाहीं. आरोग्यवाचक अरबी सेहत व फारसी खाना मिळून तो झाला आहे. पायखाना हाहि फारसीच. सेप्टिक हा तिसरा शब्द ग्रीक भाषेंतून इंग्रजींतून आला, व त्याचा अर्थ कुजविणारा असा आहे. तीन भाषांतील तीन शब्दांत तीन दृष्टि दिसतात. पहिल्यांत टाकून देणें, दुसऱ्यांत आरोग्य, तिसऱ्यांत कुजविणें. टांकीचें मर्म तिसऱ्या शब्दांत आहे.

घाणीचें पाणी जमिनींत मुरविण्याची युक्ति मात्र फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथें १९२२ पासून जें उत्खनन झालें त्यांत विटांनीं झांकलेलीं गटारें, मधून मधून गाळ अडविणारे खड्डे, व भिंतींतील पन्हळीखालीं ठेविलेले मोठे रांजण आढळले. तक्षशिलेच्या भीर टेकडीवरील घरांत शोषविहिरी सांपडल्या. त्यांपैकीं कांहींत तळाला भोंक पाडलेलीं मडकीं एकावर एक उतरंडीसारखीं रचलेलीं होतीं. पाणी मडक्यांतून खालीं झिरपावें, भोंवतालची माती ढांसळूं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे.

ग्रंथाधारहि आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्री यांस १९०५ सालीं उपलब्ध झाली व १९०९ सालीं ती छापून निघाली, ही हकीकत पोथीसंग्राहकांस ठाऊकच आहे. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत गृहवास्तूच्या प्रकरणीं अवस्कर, भ्रम म्हणजे सांडपाण्याची वाट, आणि उदपान म्हणजे विहीर, या तिहींचा एकत्र विचार केला असून, घरास योग्य अशा जागेवांचून अन्यत्र तीं केल्यास दंड सांगितला आहे. शेजाऱ्याच्या भिंतीस उपद्रव होऊं नये यासाठीं अंतराचाहि नियम आहे. दुसऱ्या अधिकरणांत तीर्थ, जलाशय, देवालय इत्यादि ठिकाणीं मलोत्सर्ग करणारास दंड आहे. परंतु औषध, व्याधि किंवा भय या कारणांनीं तसें घडल्यास तो माफ आहे. कायदा करणारानें माणसाची अडचण ओळखली होती, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

तथापि हीं सर्व साधनें मुरविण्याचीं किंवा सांठविण्याचीं आहेत. कुजविण्याचीं नाहींत. हा भेद ध्यानांत न घेतल्यास इतिहासाचा घोटाळा होतो.

३

युरोपांतील जुनी रीत घराखालीं खड्डा करून त्यांत मैला सांठविण्याची होती. खड्डा भरला म्हणजे रात्रीं माणसें लावून तो उपसावयाचा. ही व्यवस्था किती धोक्याची होती याचें एक प्रसिद्ध उदाहरण जर्मनींतील एर्फुर्ट शहरीं ११८४ सालीं घडलें. राजा सहावा हेन्री यानें भरविलेल्या सभेच्या ओझ्यानें माडीची जमीन कोसळली, व सुमारें ६० सरदार व मानकरी खालच्या मैल्याच्या खड्ड्यांत पडून मेले. राजा वांचला. लंडन शहरांत असे खड्डे घरोघर होते. पुढें पाण्याचे संडास वाढले, त्यांचें पाणी खड्ड्यांत मावेना. १८१५ पासून घरांचें सांडपाणी सार्वजनिक गटारांस जोडण्याची मोकळीक मिळाली. तें सर्व थेम्स नदींत गेलें आणि १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीच्या दुर्गंधीनें पार्लमेंटाचें कामकाज चालणें कठीण झालें. म्हणजे १८५९ सालीं, ज्या सालाची आम्ही चिकित्सा करीत आहों त्या सालीं, लंडनसारख्या राजधानींत या प्रश्नाचें उत्तर मोठीं गटारें बांधून घाण दूर नेणें हेंच होतें. ती जागच्या जागीं कुजवून पचवावी, ही कल्पना तेथें अद्याप रुजली नव्हती.

ही कल्पना फ्रान्सांत व्हेसूल या गांवीं जन्मली. झां लुई मूरास नांवाच्या गृहस्थानें १८६० च्या सुमारास आपल्या घराच्या मैल्यासाठीं एक बंद टांकी बांधिली. तींत येणारी व जाणारी अशा दोन्ही नळ्यांचीं तोंडें पाण्याखालीं बुडालेलीं असल्यामुळें बाहेरची हवा आंत जात नसे. कित्येक वर्षांनीं ती उघडून पाहतां आंत घट्ट मैला जवळजवळ नव्हताच. बहुतेक पातळ पाणीच होतें. घातलेला जिन्नस गेला कोठें, हें मूरासासहि उमगेना. पुढें आबे म्वान्यो या विज्ञानप्रेमी धर्मगुरूनें कांचेच्या टांकींत तो प्रकार डोळ्यांनीं पाहिला, आणि १८८१ सालीं या युक्तीचें पेटंट व प्रसिद्धि होऊन ती जगास कळली. नंतर इंग्लंडांतील एक्सिटर शहराचा सर्व्हेयर डोनल्ड कॅमेरन यानें १८९५–९६ च्या सुमारास अशीच मोठी टांकी बांधून तिला सेप्टिक टँक हें नांव दिलें. आज जगभर चालणारें तें नांव त्याचें आहे. त्या टांकींतील वायु दिव्यांसाठींहि वापरण्यांत आला.

४

आतां टांकीचें कार्य. जुन्या वस्तीच्या उत्खननांत जसे थर लागतात तसे या टांकींतहि तीन थर असतात. मैलापाणी आंत येऊन स्थिरावलें कीं त्यांतील जड अंश तळास बसतो, तो गाळ. तेलतुपासारखा हलका अंश वर तरंगून त्याची जाड साय धरते. मध्यें जें राहतें तें निवळ पाणी. बाहेर जाण्याची नळी या मधल्या थरांतून पाणी घेते. यासाठीं तिचें तोंड सायीच्या खालीं वांकविलेलें असतें किंवा तिच्यापुढें आडवी भिंत घातलेली असते. आंत येणाऱ्या नळीचीहि तशीच व्यवस्था, कारण पाणी जोरानें आदळलें तर खालचा गाळ ढवळून तो निवळीबरोबर बाहेर जाईल. सर्व रचनेचा हेतु एकच कीं, पाण्यानें आंत कांहीं काळ स्वस्थ राहावें. एक दिवस तरी त्यास तेथें वस्ती मिळाली पाहिजे.

आंत प्राणवायु नसतो. प्राणवायूवांचून जगणारे अतिसूक्ष्म जंतु तेथें वाढतात आणि तळच्या गाळास खाऊं लागतात. प्रथम घट्ट अन्नांश विरघळतो, मग त्याचीं आम्लें होतात, व शेवटीं दुसऱ्या जातीचे जंतु त्यांपासून मिथेन, म्हणजे दलदलींतील जळाऊ वायु, आणि कर्बाम्लवायु तयार करितात. मिथेन हा इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें १७७६ सालीं माज्जोरे सरोवराच्या चिखलांतून गोळा केला होता. गंधकाच्या संयोगानें हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायुहि थोडा निघतो. मूरासाच्या टांकींतील घट्ट मैल्याचा पुष्कळ भाग या वाटेनें गेला: कांहीं वायुरूपानें उडाला, कांहीं विरघळून पाण्याबरोबर बाहेर पडला.

परंतु निवळ म्हणजे निर्मळ नव्हे. टांकींतून बाहेर पडणारें पाणी दिसण्यास पातळ असलें तरी त्यांत रोगजंतु पुष्कळ असतात. म्हणून तें शोषखड्ड्यांत किंवा जमिनीखालील चरांत सोडून मातीकडून गाळून घ्यावें लागतें. अर्धें काम टांकी करिते, अर्धें माती. तक्षशिलेच्या गृहस्थानें जें दुसरें अर्धें काम साधिलें होतें, त्यास मूरासानें पहिलें अर्धें जोडलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

भारतीय मानक संस्थेच्या संहितेंत (१९८५ ची आवृत्ति) अशा टांकीचीं मापें दिलीं आहेत तीं अशीं: आंतील पाण्याची खोली निदान १ मीटर, रुंदी निदान ७५ सेंटिमीटर, लांबी रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत, व पाण्याचा सांठा निदान १००० लिटर. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा. कौटिल्यानें अवस्कर व उदपान एकाच वाक्यांत कां आणिले, याचें उत्तर या शेवटल्या आंकड्यांत आहे.

५

यानंतर माटुंगा. ज्यांस पोवाड्यांचा नाद आहे त्यांस ॲक्वर्थ हें नांव नवें नाहीं. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ या मुलकी अधिकाऱ्यानें शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्यानें इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे गोळा करून १८९१ सालीं छापिले, व त्यांतील निवडकांचें इंग्रजी पद्य भाषांतर १८९४ सालीं लंडनास प्रसिद्ध केलें. गोंधळ्यांच्या तोंडीं असलेलें हें धन कागदावर आलें यांत त्याचा वांटा मोठा आहे. परंतु याच गृहस्थानें मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर असतां १८९० सालीं माटुंग्यास निराश्रित कुष्ठरोग्यांसाठीं आश्रयगृह काढिलें, याची आठवण पोवाड्यांच्या अभ्यासकांत क्वचित् निघते. त्यालाच पुढें ॲक्वर्थचें नांव मिळालें, आणि आजहि वडाळ्यास महानगरपालिकेचें ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ती संस्था आहे.

काळाची पार्श्वभूमि अशी कीं, हॅन्सेन यानें कुष्ठाचा जंतु १८७३ सालीं दाखविला होता. १८८९ सालीं मोलोकाय बेटावर फादर डेमियन याच रोगानें वारला व त्यामुळें इंग्लंडांत मोठी खळबळ झाली. १८९०–९१ सालीं हिंदुस्थानांत कुष्ठाच्या चौकशीसाठीं कमिशन हिंडलें. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणारे रोगी लोकांच्या भीतीचा विषय झाले होते. त्यांना आश्रय दिला असें म्हणतां येतें, आणि त्यांना दृष्टीआड केलें असेंहि म्हणतां येतें. दोन्ही खरें आहे. १८९८ च्या कायद्यानें तर निराधार कुष्ठरोग्यांस धरून अशा गृहांत ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला.

माटुंगा हा त्या काळीं बेटाच्या उत्तरेकडील विरळ वस्तीचा भाग होता. शहराच्या गटारांचें जाळें दक्षिणेकडे दाटलेलें. इतक्या माणसांचें मैलापाणी जागच्या जागींच निकालांत काढणें भाग होतें. येथेंच मुंबईच्या निचऱ्याच्या कामावरील इंजिनिअरांस नव्या टांकीचा प्रयोग करण्यास जागा मिळाली. या प्रयोगांशीं सी. कार्किट जेम्स याचें नांव निगडित आहे. पूर्वेकडील शहरांच्या मैलानिचऱ्यावरील त्याचा ग्रंथ १९०६ सालीं निघाला. १८९७ सालीं माटुंग्याच्या टांक्यांवर वायु गोळा करण्याची सोय करून त्या वायूवर एंजिन चालविण्यांत आलें. मुंबईंत त्याच वेळीं प्लेगचा कहर होता. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीस तो प्रकट झाला होता, व लोक शहर सोडून पळत होते. ज्यांस पळून जाण्यास कोणी दार उघडणार नव्हतें अशा रोग्यांच्या मैल्यावर तिकडे एंजिन फिरत होतें.

६

आतां सनाची चिकित्सा. १८५९ हा सन अग्राह्य ठरविण्यास आमचीं प्रमाणें पांच आहेत.

पहिलें, ज्या संस्थेंत ही टांकी होती ती संस्थाच १८९० ची. तिच्या जन्मापूर्वी ३१ वर्षें तिच्या आवारांत टांकी होती असें म्हणणें म्हणजे शिवरायांच्या जन्मापूर्वीं रायगडावर राज्याभिषेक लावण्यासारखें आहे.

दुसरें, मुंबईस विहार तलावाचें नळाचें पाणी १८६० सालीं आलें. त्यापूर्वीं शहर विहिरींवर व तळ्यांवर अवलंबून होतें. ज्या टांकीचा प्राण वाहतें पाणी आहे, ती पाण्याच्या टंचाईच्या शहरांत, त्यांतूनहि निराश्रितांच्या गृहांत, नळ येण्यापूर्वीं बांधली जावी हें संभवनीय नाहीं.

तिसरें, मूरासाची टांकी १८६० च्या सुमाराची, व ती प्रसिद्ध झाली १८८१ सालीं. मुंबईच्या इंजिनिअरांस ही कल्पना तत्पूर्वीं स्वतंत्रपणें सुचली असती तर तिचा गाजावाजा युरोपांत होऊन मूरासाच्या पेटंटास हरकत निघाली असती.

चौथें, वायूवर एंजिन चालविल्याची गोष्ट याच टांकीविषयीं सांगतात. परंतु लन्वार याचें पहिलें व्यवहारोपयोगी वायुएंजिन १८६० चें व ऑटो याचें सुधारलेलें १८७६ चें. १८५९ सालीं चालविण्यास एंजिनच नव्हतें.

पांचवें प्रमाण ग्रंथपरंपरेचें आहे. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानाच्या जलपाहणी खात्याचे बुझवेल व हॅटफील्ड यांनीं १९३० ते १९४० या दशकांत या विषयावर जो प्रबंध लिहिला, त्यांत माटुंग्याच्या टांक्यांचा सन १८९७ असाच आहे. १८५९ हा सन आमच्या पाहण्यांत आला तो १९७० नंतरच्या लेखनांत. पोथ्यांच्या शाखा लावणारांस हें नवें नाहीं. जुन्या शाखेंत एक पाठ असून नव्या शाखेंत दुसरा आढळला, आणि नव्या पाठास बाह्य प्रमाणाचा आधार नसला, म्हणजे तो लेखकप्रमाद मानावयाचा.

कोणी म्हणेल, माटुंग्यापूर्वीं मुंबईंत कुष्ठरोग्यांचें दुसरें आश्रयस्थान नव्हतें काय? होतें. जमशेटजी जिजीभाई यांच्या धर्मशाळेंत अशा रोग्यांस थारा मिळत असे. परंतु १८५९ चें विधान करणारे लेखक धर्मशाळेचें नांव घेत नाहींत. ते कुष्ठरोग्यांची वसाहत म्हणतात. शिवाय वरील दुसरें, तिसरें व चौथें प्रमाण धर्मशाळेसहि तितकेंच लागू पडतें.

मग हा सन आला कोठून? येथें आम्ही तर्क करितों, व तो तर्क म्हणूनच घ्यावा. ज्या वाक्यांत मुंबईचा १८५९ येतो, त्याच्या लगतच्या वाक्यांत बहुधा एक्सिटरचा १८९५ येतो. दोन्ही आंकडे शेजारीं मांडून पाहावे. शेवटचे दोन अंक उलटले कीं एकाचा दुसरा होतो. नक्कल करणाराच्या हातून असा अंकव्यत्यय होणें किती सहज आहे, हें ज्यांनीं बखरींच्या चार प्रती ताडून पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको. मात्र तर्क खोटा ठरला तरी निर्णयास बाध येत नाहीं. चूक कशी झाली हें कळलें नाहीं तरी ती चूकच राहते.

१८५९ गेल्यानें मुंबईचें कांहीं गेलें काय? आमच्या मतें नाहीं. एक्सिटरच्या टांकीनंतर अवघ्या एकदोन वर्षांत मुंबईच्या बेटावर मैल्याच्या वायूनें एंजिन फिरत होतें, हा खरा मान आहे, व तो कागदोपत्रीं टिकणारा आहे. खोट्या मानासाठीं खरा मान गमावूं नये.

७

येथें लेख संपविला असता; परंतु या विषयांतील एक बाजू टाळून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. टांकी कोणी बांधिली याची नोंद आहे. ती साफ कोणी केली याची नाहीं.

मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत हलालखोर कर म्हणून एक कर होता. हलालखोर म्हणजे विहित कष्टाचें खाणारा. घरोघरचा मैला डोक्यावरून वाहणाऱ्या जातीस हें नांव दिलेलें होतें. नांव गौरवाचें, काम नरकाचें, आणि जन्मानें बांधलेलें. टांकी आली तेव्हां अनेकांस वाटलें कीं आतां हें काम संपेल, कारण मैला आपोआप पचेल. मूरासाच्या युक्तीची जाहिरातच आपोआप सफाई करणारी अशी झाली होती. ती आशा अर्धीच खरी ठरली. गाळ पचतो, पण सर्व पचत नाहीं. वाळू, राख, केंस, चिंध्या हे जिन्नस जंतूंना पचत नाहींत. ते तळाशीं सांचत जातात. गाळ व साय मिळून अर्धी खोली व्यापूं लागली कीं निवळीस जागा उरत नाहीं, गाळ शोषखड्ड्यांत जातो, मातीचीं छिद्रें बुजतात व घाण पाणी वर येतें. यासाठीं घरगुती टांकी दोन ते तीन वर्षांत एकदां उपसली पाहिजे. उपसतांना थोडा गाळ विरजणासारखा आंत ठेवावा, म्हणजे जंतूंचें काम खंडित होत नाहीं. फिनेल, तेजाब अशीं जंतुनाशक द्रव्यें फार ओतूं नयेत. तीं रोगजंतूंबरोबर टांकीच्या कामकऱ्यांसहि मारितात. वायुनळीच्या तोंडास जाळी असावी, म्हणजे डांस शिरत नाहींत.

आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, टांकींत माणूस उतरवूं नये. हायड्रोजन सल्फाइडाचा वास अल्प प्रमाणांत कुजक्या अंड्यासारखा येतो, परंतु प्रमाण वाढलें कीं नाकाची संवेदनाच बधिर होते, आणि वास गेला म्हणून धोका गेला असें वाटत असतां माणूस कोसळतो. त्यास काढण्यास उतरलेला दुसराहि तेथेंच राहतो. विहिरींत दिवा सोडून हवा पारखण्याची जुनी रीत येथें मुळींच वापरूं नये. मिथेन पेट घेतो. उपसा यंत्राच्या नळीनेंच झाला पाहिजे.

माणसाकडून मैला काढविण्यास १९९३ च्या कायद्यानें बंदी आली. २०१३ च्या कायद्यानें गटारांत व मैलाटांक्यांत संरक्षक साधनांवांचून माणसें उतरविणें हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास १० लाख रुपये द्यावे असें ठरविलें व २०२३ सालीं ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यावरूनच मृत्यु थांबले नाहींत हें दिसतें. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम मागून घेण्यासाठीं उपोषण केलें, व पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत मैल्याचें खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. त्यांच्या चरित्राकडे आपण राजकारणाच्या डोळ्यांनीं पाहतों. या प्रश्नाच्या डोळ्यांनींहि तें पाहिलें पाहिजे.

शेवटीं संग्राहकांस विनंति. जुन्या वाड्यांच्या दप्तरांत जमाखर्च, वांटणीपत्रें व सनदा यांबरोबर घरबांधणीचे नकाशे, म्युनिसिपालिटीच्या नोटिसा, गवंड्यांचे करार, मोरी व संडासाच्या तंट्याचे अर्ज असे कागद असतात. ते क्षुद्र समजून रद्दींत जातात. त्यांत टांकी केव्हां बांधिली, कोणीं बांधिली, काय खर्च झाला, उपसण्यास किती मजुरी दिली, हें सांपडण्याचा संभव आहे. कदाचित् उपसणाराचें नांवहि सांपडेल. असे कागद राखावे व त्यांची नोंद करावी.

यांत संशोधनाइतकाच व्यवहारहि आहे. वाडा विकला जातो, अंगणावर फरशी पडते, खालीं जुना खड्डा किंवा टांकी आहे हें कोणास ठाऊक राहत नाहीं, आणि एके दिवशीं खोदकाम करणारा मजूर तींत पडतो. त्याचा जीव वांचविणारा नकाशा कित्येक वेळां आपल्यापैकींच कोणाच्या बस्त्यांत असेल. ज्याच्याजवळ असा नकाशा असेल त्यानें त्याची एक प्रत त्या वास्तूच्या आजच्या धन्यास पोंचवावी.